समोर शत्रू नव्हता म्हणून काय झालं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आपण कॅप्टन अंशुमन सिंग यांच्यावर एक छोटं टिपण दिलं होतं, सियाचिनवर आग लागली तेव्हा आपल्या माणसांना बाहेर काढताना गेलेले आर्मीचे डॉक्टर. पानभर पण नव्हतं ते, पण त्यावर इतके मेसेज, मेल आणि हाताने लिहिलेली पत्रंसुद्धा आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी विचारलंय त्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, फक्त गाव दिलंय.

प्रश्न : माझा धाकटा दीर मिल्ट्रीत होता. ट्रेनिंग चालू असताना रेंजवर अपघात झाला, त्याने बाजूच्या दोन पोरांना ढकलून दिलं आणि स्वतः सापडला. ती दोन्ही पोरं आज जिवंत आहेत, दिवाळीला फोन करतात. आता गावात शहीद जवानांच्या नावाची पाटी लावायचं चाललंय, तर एक-दोन जण बोलले की हा काय लढाईत गेला नव्हता, अपघात होता तो. सासूबाई तेव्हापासून नीट जेवत नाहीत. अशा मरणाला शौर्य म्हणतात का नाही, ते तुम्हीच सांगा. (सातारा जिल्हा)

ताई, तुमचा मेसेज वाचून आधी वाईट वाटलं आणि मग खरंच राग आला. हो, हे शौर्यच आहे. आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, सरकारदरबारी यासाठी वेगळी पदकंच आहेत. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही शत्रूच्या समोर दाखवलेल्या शौर्यासाठी. अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र ही शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी. अतिरेक्यांशी लढताना मिळतात ती पण हीच आणि आगीतून, बर्फातून, फुटणाऱ्या ग्रेनेडपासून साथीदारांना वाचवलं तर मिळतात ती पण हीच. ४ जानेवारी १९५२ ला ही सुरू झाली, तेव्हा अशोक चक्र वर्ग १, २, ३ अशी नावं होती, आताची नावं १९६७ पासूनची. आणि मानाच्या क्रमात अशोक चक्र परमवीर चक्राच्या लगेच खाली आहे, मध्ये दुसरं काही नाही. इंग्रजांच्या काळात पण तेच होतं, १९४० साली जॉर्ज क्रॉस काढला तो व्हिक्टोरिया क्रॉसच्या बरोबरीचा आणि तो शत्रूच्या समोर नसलेल्या शौर्यासाठीच.

तुमच्या दिरांसारखीच एक गोष्ट सांगते. नाईक किरपा राम, हिमाचलमधल्या बिलासपूर भागातला माणूस, १३ फ्रंटियर फोर्स रायफल्समध्ये होता. १२ सप्टेंबर १९४५, बंगलोरजवळ तोंडेभावी इथे फायरिंगचा सराव चाललेला. तारीख नीट बघा, जपानने शरणागतीवर सह्या केल्या त्या २ सप्टेंबरला, म्हणजे महायुद्ध संपून दहा दिवस झालेले, जगभरचे सैनिक घरी जायचे दिवस मोजत होते. त्या सरावात एका जवानाने रायफलमधून सोडलेला ग्रेनेड नीट गेलाच नाही, सेक्शनच्या, म्हणजे त्याच्या छोट्या तुकडीच्या, पुढे जेमतेम आठ यार्डांवर पडला. आठ यार्ड म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. किरपा रामने पोरांना ओरडून सांगितलं खाली पडा, आणि स्वतः पुढे धावत जाऊन तो ग्रेनेड उचलला, लांब फेकायला हात मागे नेला आणि तो हातातच फुटला. स्फोटाचा सगळा मार त्याने अंगावर घेतला, सेक्शनमधल्या दोघांना किरकोळ लागलं, बाकी सगळे सुखरूप. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. तिथे ना शत्रू होता ना लढाई, युद्धसुद्धा संपलेलं होतं, तरी कोणी म्हटलं नाही की हा तर अपघात.

आणि हे पदक मेल्यावरच मिळतं असंही नाही. फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांचं नाव आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे, खरं तर कोल्हापूरकरांना तरी माहीत असायला हवं. ३ फेब्रुवारी १९५२ ला ते एअरफोर्सचं डेव्हन विमान लखनौहून दिल्लीला नेत होते आणि आत बसलेले कोण, तर लेफ्टनंट जनरल श्रीनागेश, मेजर जनरल थिमय्या, आपले कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात आणि आणखी मोठे अधिकारी. वाटेत एका इंजिनाने पेट घेतला, आग विझवायची सिस्टिम चालली नाही, पंख कधी तुटेल सांगता येत नव्हतं. बिस्वासांनी डोकं शांत ठेवून संडीलाजवळ एका शेतात विमान उतरवलं आणि सगळे जिवंत बाहेर आले. त्यातले श्रीनागेश आणि थिमय्या दोघंही पुढे लष्करप्रमुख झाले, थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. एका माणसाचा हात तेव्हा थरथरला असता तर आपल्या सैन्याची पुढची दहा वर्षं वेगळीच गेली असती. एअरफोर्समधलं पहिलं अशोक चक्र बिस्वासांना मिळालं ते यासाठी, एकही गोळी न झाडता. (असं सुखरूप सुटणं नेहमी होत नाही हे पण लक्षात ठेवायला हवं, २२ नोव्हेंबर १९६३ ला पूंछमध्ये हेलिकॉप्टर पडलं त्यात एकाच वेळी असेच मोठमोठे अधिकारी गेले.)

आता पाटीचं. आपल्याकडे कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे, शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेली, या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामास आले. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात असेल तर जरूर जाऊन बघा. त्यात कुठे लिहिलंय का कोण गोळीने गेला आणि कोण तापाने? मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, कुटच्या वेढ्यात आपल्या १०३ आणि ११० मराठा पलटणी अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं, आणि त्यानंतर कैदेत उपासमारीने, हगवणीने, उन्हातून चालता चालता कितीतरी जण गेले. त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं नाही की तुमचा माणूस लढाईत गेला का हगवणीत. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना जे कळलं ते आजच्या कमिटीला कळायला हरकत नाही. तुमच्या दिरांचं नाव त्या पाटीवर यायला पाहिजे असं माझं अगदी स्पष्ट मत आहे आणि हा अंक कमिटीला दाखवायला लागला तर खुशाल दाखवा. आणि त्या दोन पोरांना सांगा की एकदा गावात येऊन सासूबाईंसमोर बसा, फोन पुरेसा नाही.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे, सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेची, तयारी करतोय. ग्रेनेड पडल्यावर जे त्याच्याकडे धावतात ते ट्रेनिंगमुळे का आपोआप होतं? म्हणजे विचार करायला वेळ असतो का? (नाशिक)

वेळ किती असतो ते आधी बघ. आपल्या सैन्यात वर्षानुवर्षं जो ३६ नंबरचा ग्रेनेड वापरला गेला, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं डिझाइन, त्याचं काम असं की पिन काढली तरी जोवर लिव्हर मुठीत दाबून धरलाय तोवर काही होत नाही. लिव्हर सुटला की आतला स्ट्रायकर कॅपवर आपटतो, फ्यूज पेटतो आणि मग हाताने टाकायच्या ग्रेनेडला साधारण चार सेकंद. चारच. एक हजार एक, एक हजार दोन असं मोजून बघ, संपतं. आता पहिल्यांदा खरा ग्रेनेड हातात घेतलेला रंगरूट डोळ्यासमोर आण, तळहाताला घाम सुटलेला, कानात स्वतःचं हृदय ऐकू येतंय, भिंतीआड उभा आहे आणि बाजूला उस्ताद, म्हणजे शिकवणारा. शंभरातले नव्व्याण्णव नीट टाकतात. एखाद्याच्या हातून तो मागेच निसटतो किंवा भिंतीला लागून परत आत येतो, आणि पोरगा थिजून त्याच्याकडे बघत उभा राहतो. तेव्हा उस्तादने त्याला धरून भिंतीपलीकडे ढकलायचं आणि मागोमाग स्वतः पडायचं, हे त्याचं कामच आहे. जगातल्या सगळ्या सैन्यांमध्ये असे उस्ताद आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचं नाव ज्याला वाचवलं त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं.

(आता नवीन मल्टिमोड ग्रेनेड आलाय, डीआरडीओने डिझाइन केलेला आणि आपल्या नागपूरला बनणारा, ऑगस्ट २०२१ मध्ये तो आर्मीकडे दिला गेला. जुन्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे, पण हात माणसाचाच असतो.)

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं वाटतं. ट्रेनिंग लांब जायला शिकवतं. ओरड, खाली पड, आडोसा घे. ग्रेनेडकडे धाव असं कुठल्याच सेंटरमध्ये शिकवत नाहीत, शिकवूच शकत नाहीत. म्हणजे किरपा रामने पोरांना खाली पडा म्हणून ओरडलं तिथपर्यंत ट्रेनिंग होतं, पुढे जी धाव घेतली ती त्याची स्वतःची. ती पोरं त्याच्या सेक्शनची होती, त्यांची जबाबदारी त्याच्यावर होती, त्यांच्यासोबत तो जेवत होता झोपत होता, ते सगळं त्या धावेत होतं. सुभेदार सुब्रमण्यम यांचं पण तसंच, मद्रास सॅपर्सचे (सॅपर म्हणजे सैन्यातले इंजिनियर जवान), २४ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत मिन्यानोजवळ सुरुंग शोधायची पार्टी घेऊन गेले होते, सुरुंगाचा चाप पडला आणि आता स्फोट होणार हे कळायला त्यांच्यासारख्या जुन्या सॅपरला क्षणभरच लागला, आणि त्या क्षणात त्यांनी स्वतःला सुरुंगावर झोकून दिलं. इतर कोणाही जवानापेक्षा त्यांना जास्त चांगलं माहीत होतं की काय होणार आहे, पळायचं असतं तर सगळ्यात आधी तेच पळू शकले असते. त्यांनाही मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

पण सगळंच सेकंदात होतं असं नाही आणि मला तर जे सेकंदात होत नाही ते जास्त अवघड वाटतं. कॅप्टन अंशुमन सिंग यांचं बघ. आपल्या पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजातून, शिकलेला पोरगा, उत्तर प्रदेशातल्या देवरियाचा, २६ पंजाबसोबत सियाचिनला मेडिकल ऑफिसर. १९ जुलै २०२३ च्या पहाटे चंदन ड्रॉपिंग झोनला (वरून सामान टाकायची जागा) आग लागली. सियाचिनला आग लागणं म्हणजे काय हे समजून घे. चारी बाजूंना बर्फच बर्फ आणि विझवायला पाणी नाही, कारण प्यायचं पाणीसुद्धा बर्फ वितळवून करायचं असतं. राहायला फायबरग्लासच्या झोपड्या, त्या पेटल्या की काळा विषारी धूर. वारा असा की ज्वाळा जमिनीला समांतर धावतात. श्वास तर आधीच पुरत नसतो. अशा वेळी हा डॉक्टर पेटलेल्या झोपडीतून बेशुद्ध व्हायच्या बेतात असलेल्या चार-पाच जणांना बाहेर काढतो. इथपर्यंत कोणी म्हणेल की झपाट्यात झालं. पण मग आग मेडिकल शेल्टरपर्यंत आली. आत जीव वाचवायची औषधं आणि सामान. तिथे कुठे शेजारी केमिस्ट आहे का, ते जळालं तर या भाजलेल्या, धूर गिळलेल्या माणसांवर उपचार कशाने करणार? हे डॉक्टरलाच कळणार, दुसऱ्या कोणाला नाही. आत धग किती आहे हे तो नुकताच अनुभवून आला होता, आणि तरी तो परत आत गेला. मग बाहेर आला नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. कीर्ती चक्र मिळालं, ५ जुलै २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते त्याच्या आईने आणि पत्नीने घेतलं. त्यानंतर टीव्हीवर आणि सोशल मीडियावर त्या घराबद्दल जे काही चाललं ते मी इथे लिहिणार नाही, त्या पोराने जे केलं त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तर तू तयारी करतोयस ना, चांगलं आहे, रनिंग कर, मॅथ्स कर. आणि सोबत फर्स्ट एड नीट शिकून घे, रक्त कसं थांबवायचं, धुरातून खाली वाकून कसं जायचं, भाजलेल्याला काय करायचं नाही. इटलीत १९४४ साली सवार दित्तो राम याचा सुरुंगावर पाय पडून पाय गेला होता, त्याच्यासारखाच दुसरा साथीदार थोड्या अंतरावर पडलेला, तर हा त्या अवस्थेत सरपटत गेला, त्याची जखम बांधली आणि मग स्वतः गेला. जखम बांधता येत होती म्हणून तो दुसऱ्याच्या उपयोगी पडला.

प्रश्न : तुम्ही रागावणार माहीत आहे पण विचारतोच. अशा प्रत्येक वेळी आपण हार घालतो, चौकाला नाव देतो, आणि आग का लागली, सुरुंग का फुटला, वायरिंग कोणी तपासलं नव्हतं हे कोणी विचारत नाही. शौर्याच्या नावाखाली निष्काळजीपणा झाकला जातोय असं नाही वाटत का? (मुंबई)

रागावले नाही, उलट हा प्रश्न यायलाच हवा होता. मला वाटतं तुम्ही बरोबर आहात, फक्त दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

तुमच्याच मुंबईच्या समुद्रातलं उदाहरण घेऊ. २६ फेब्रुवारी २०१४, आयएनएस सिंधुरत्न ही पाणबुडी मुंबईपासून आत समुद्रात चाचणीसाठी गेलेली, नव्वदच्या वर माणसं, आणि पहाटे तिसऱ्या कंपार्टमेंटमध्ये धूर व्हायला लागला. पाणबुडीत खिडकी उघडता येत नाही, धावत बाहेर जाता येत नाही, धूर एका भागातून दुसऱ्यात गेला की सगळे संपले, म्हणून तो भाग बंद करावाच लागतो. लेफ्टनंट कमांडर कपीश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार या दोघांनी आतल्या नौसैनिकांना बाहेर काढलं, आग पुढे जाऊ दिली नाही आणि स्वतः आत राहिले. धुराने बेजार झालेल्या सात जणांना हेलिकॉप्टरने कुलाब्याला अश्विनी हॉस्पिटलमध्ये आणलं. त्या दोघांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. पण त्याच दिवशी, त्याच दिवशी हं, नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला, त्याआधीच्या काही महिन्यांतले अपघात आणि ही घटना यांची नैतिक जबाबदारी घेऊन. सहाच महिन्यांपूर्वी, १४ ऑगस्ट २०१३ ला, मुंबईच्या डॉकयार्डमध्येच सिंधुरक्षकवर स्फोट होऊन १८ जण गेले होते. मला हे दोन्ही एकत्र आठवावंसं वाटतं, खालच्या दोघांनी आपलं कर्तव्य केलं आणि वरच्याने चूक आपल्या डोक्यावर घेतली. खालच्यांना नुसतं पदक आणि वरच्यांची बढती चालूच, असं झालं असतं तर तुमचा प्रश्न शंभर टक्के खरा ठरला असता.

पुलगाव घ्या. वर्धा जिल्ह्यातला दारूगोळ्याचा डेपो, देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर एका शेडला आग लागली, आत रणगाडे उडवायचे सुरुंग. विझवायला जी माणसं धावली त्यात डीएससीचे, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, जवान होते, डेपोच्या फायर ब्रिगेडचे कर्मचारी होते, आणि मग स्फोट झाला, दोन अधिकाऱ्यांसह डझनाहून जास्त जण गेले. आजूबाजूच्या गावांत लोक रात्रीच घरं सोडून पळाले. ती आग शेजारच्या शेडना लागली असती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही, आणि ती लागली नाही ती त्या माणसांमुळे. डीएससी म्हणजे बहुतेक करून एकदा पलटणीतून रिटायर होऊन परत गणवेश घातलेले जवान, चाळिशी-पन्नाशीचे, घरी मुलीचं लग्न ठरवत असलेले. त्यांच्याबद्दल टीव्हीवर दोन दिवस आलं आणि संपलं. यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की जुना, खराब झालेला दारूगोळा साठवून ठेवणं आणि तो नष्ट करणं हे रोजचं, कंटाळवाणं काम आहे, त्याकडे लक्ष दिलं तर कोणी टाळ्या वाजवत नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला त्याच पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना परत स्फोट झाला आणि त्यात कंत्राटी मजूर गेले, गावातलीच गरीब माणसं. त्यांच्यासाठी तर कुठलीच पाटी नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की चौकशी झालीच पाहिजे, आणि चौकशी मागणं म्हणजे शहिदाचा अपमान असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. ज्याने साथीदारांसाठी जीव दिला त्याला हेच हवं असणार ना की परत असं होऊ नये?

प्रश्न : आमच्या नात्यातला एक जवान बॉर्डरवर गस्त घालताना थंडीने गेला. आधी एक शेरा लिहिला, मग दुसरा, त्यामुळे पेन्शनमध्ये फरक पडतो म्हणतात. हे काय असतं? (कोल्हापूर जिल्हा)

काका, ढोबळ सांगायचं तर दोन शेरे असतात, बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. पहिला असेल तर घरच्यांना लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी. दुसरा असेल आणि मृत्यू नोकरीमुळे झाला असं मान्य असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन, पगाराच्या ६० टक्के. म्हणजे फरक मोठा आहे, एका शब्दावर घर चालतं.

पण महत्त्वाचं हे की ऑपरेशन जाहीर झालेल्या भागात सीमेजवळ कडाक्याच्या हवामानाने गेलेला जवान बॅटल कॅज्युअल्टीमध्ये येऊ शकतो, समोर शत्रू असायलाच पाहिजे असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अगदी असंच प्रकरण होतं, नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना थंडीत तब्येत बिघडून गेलेला जवान, आधी एक शेरा मग दुसरा, आणि त्याच्या पत्नीला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलने (सैनिकांच्या खटल्यांचं न्यायालय) दिलेली पेन्शन केंद्र सरकारने कोर्टात आव्हान दिलेली. कोर्टाने सरकारचं अपील फेटाळलं, वर ५० हजार रुपये त्या बाईंना द्यायला लावले आणि हे प्रकरण कोर्टापर्यंत ओढायलाच नको होतं असं सुनावलं. तेव्हा नातेवाइकांना सांगा घाबरू नका, सगळे कागद, विशेषतः पहिला शेरा असलेलं पत्र जपून ठेवा, आणि आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे नाही झालं तर हेच ट्रिब्युनल आहे, त्याचं बेंच मुंबईतही आहे.

प्रश्न : मी सातवीत आहे. बर्फाखाली सापडलेल्या सैनिकांना कुत्र्यांनी शोधलं हे खरं आहे का? (रत्नागिरी)

खरं आहे बाळा. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनवर सोनम पोस्टवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि १९ मद्रास पलटणीचे दहा जवान खाली गाडले गेले. ती जागा १९,६०० फुटांवर, म्हणजे आपलं कळसूबाई एकावर एक तीन वेळा ठेवलं तरी तिथे पोचत नाही. दीडशेहून जास्त जवान तिथे दिवसरात्र खणत होते, बर्फ दगडासारखा कडक, कापायला खास यंत्रं वर न्यावी लागली, आणि डॉट आणि मिशा नावाचे दोन कुत्रे वास घेऊन सांगत होते की इथे खणा. पाच-सहा दिवसांनी लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, सगळ्या देशाने देव पाण्यात ठेवले होते, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत ते गेले. त्या दहांमध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातला पण एक जवान होता. जे खणत होते त्यांच्यावर पण परत बर्फ कोसळू शकत होता हे त्यांना माहीत होतं, तरी एकही जण खाली आला नाही, आपली माणसं वर आहेत म्हणून. तू शाळेत ही गोष्ट सांगशील तेव्हा डॉट आणि मिशासोबत त्या दीडशे जणांचं पण सांग.

प्रश्न : कोणी असं शौर्य केलं तर घरचे पदकासाठी अर्ज करू शकतात का? (अमरावती)

सैन्यातल्या पदकांसाठी घरच्यांचा अर्ज चालत नाही, शिफारस पलटणीकडून, म्हणजे सीओ साहेबांकडून (पलटणीचे प्रमुख) वर जाते आणि २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला नावं जाहीर होतात. पण घरच्यांनी पलटणीला पत्र लिहून, ज्यांना वाचवलं त्यांचे जबाब जोडून विचारणा जरूर करावी, त्याला कोणी अडवत नाही. आणि जवान रजेवर असताना गावात कोणाला पुरातून, आगीतून, विहिरीतून काढलं असेल तर त्यासाठी जीवन रक्षा पदक आहे, त्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडून जातो आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायला लागतो. बहुतेकांचं हे वर्ष-दोन वर्षं रडण्यातच निघून जातं, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, सरपंचांनी हे काम हातात घ्यावं. वर्तमानपत्राचं कात्रण, पोलीस पाटलांचा दाखला, बघणाऱ्यांचे सह्यांचे जबाब एवढं जमवून ठेवलं तरी अर्धं काम झालं.